पाच चाळीसचा पाहुणा

४ डिसेंबर, गुरुवार

वही नवी, पेन नवं, आणि नोकरी मात्र जायच्या बेतात. पुण्याच्या कंपनीचा मेल आलाय: घरून काम करणं बंद, सोळा जानेवारीला ऑफिसात हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. दीड वर्ष मी सोलापुरात बसून काम करतेय. जुळे सोलापुरात खोली आहे, सात रस्त्याजवळच्या ऑफिसात एक टेबल भाड्यानं घेतलंय, शनिवारी एसटी धरली की मोहोळच्या पुढं आमचं शेत. आता परत पुण्यात तिघींत एक खोली आणि रोज दोन तास रहदारीत? मला जायचं नाही. हे इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण वडिलांसमोर, आबांसमोर, माझं त-त-प-प होतं.

तरी आज गावी जाऊन बोललेच. आपल्या शेतात दर थंडीत हुरडा होतो. कोवळी कणसं भाजायची, गरम गरम चोळायची, येईल त्याला खाऊ घालायचं. तेच जरा नीट करू. शहरातल्या लोकांनी मोबाईलवरून दिवस मागायचा, आपण होकार द्यायचा. मी त्याची वेब सर्व्हिस लिहिते. चाललं तर अशीच कामं दुसऱ्या शेतकऱ्यांसाठी करीन आणि इथंच राहीन. देण्याघेण्याचं काकू बघेल, मी त्यात पडणार नाही.

आबांनी ज्वारीचं एक कणीस दाबून पाहिलं. मग म्हणाले, "हुरडा खायला येनाऱ्याला कुनी तारीख देतंय व्हय? ज्याला वाटलं त्यानं यावं, खावं."

बजाबाई काकू म्हणाली, "करू द्या की भावजी तिला. पोरगी डोळ्यापुढं तरी ऱ्हाईल." आई गेल्यापासून घर काकूच्याच हातात आहे, त्यामुळं तिचा शब्द चालतो.

शेवटी ठरलं ते असं. आबांच्याच शब्दांत: "संक्रांतीपर्यंत कर. जमलं तर ऱ्हा हितं. न्हाय तर गप पुन्याला जा. पन मी काय त्या फोनमंदी बगनार न्हाय. तुजं तू बग."

नाही तर नाही. मला तरी कुठं कोणी मानगुटीवर बसायला हवंय!

९ डिसेंबर, मंगळवार

आज सर्व्हिस पहिल्यांदा बोलली, आणि बोबडी बोलली. "हुरड्याला या" असं लिहिलेलं पान माझ्या फोनवर उघडलं तर अक्षरांचा नुसता चिवडा. अर्धा तास डोकं आपटलं. शेजारच्या टेबलावर विरुपाक्ष बसतो. अक्कलकोटचा आहे, एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करतो, आणि कोणी विचारायच्या आत सल्ला द्यायची त्याला भारी हौस. मान लांब करून म्हणाला, "हेडर बघ की."

मजकूर पाठवायच्या आधी सर्व्हर वरती चार ओळी पाठवतो, त्या हेडर. माणसाला दिसत नाहीत, पण फोन त्या आधी वाचतो: आत काय आहे, कुठल्या लिपीत आहे, किती वेळ जपून ठेवायचं. मी लिपीच सांगितली नव्हती. एक ओळ घातली आणि "हुरड्याला या" असं स्वच्छ मराठीत उमटलं. मी टेबलावर बुक्की मारली, त्याचा चहा सांडला. त्याची काही तक्रार दिसली नाही.

मग मला नवशिकी समजून त्यानं क्रियापदांचा धडा दिला. फोन सर्व्हरशी बोलतो तेव्हा आधी काय करायचंय ते सांगतो. गेट म्हणजे दाखव, पोस्ट म्हणजे नवीन घे, पुट म्हणजे हे जुन्याच्या जागी ठेव, डिलीट म्हणजे काढून टाक. मला हे सगळं येतं. तरी तो म्हणालाच, "गेट म्हणजे नुसतं नोडु." कन्नडमध्ये नोडु म्हणजे बघ. "बांधावर उभं राहून बघायचं. कणसाला हात लावायचा नाही."

बरं बाबा.

१३ डिसेंबर, शनिवार

सर्व्हिस गुरुवारी चालू केली. घरच्यांसाठी एक वेगळं पान काढलंय: या रविवारी कोण येणार, किती जण, लहान मुलं किती. त्याची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. कुलूपबिलूप लावलं नाही, आमचे पाहुणे मोजायला कोण येतंय!

तर येतंय कोणीतरी. सर्व्हर कोण कधी आलं ते लिहून ठेवतो. शुक्रवारी पहाटे पाच चाळीसला कोणीतरी घरचं पान उघडलं. आजही पाच चाळीसला. एकदाच गेट, बघितलं आणि गेलं. घरातल्या कोणाचा प्रश्नच नाही. काकूला वाचायचा कंटाळा, ती फक्त बोललेले मेसेज ऐकते. आबांनी बघणार नाही म्हणून सांगितलंय, आणि आबा शब्दाचे पक्के.

म्हणजे बॉट. लिंका हुंगत फिरणारं एखादं यंत्र. फोनचा प्रकारही विचित्र, कॉलेजात माझ्याकडं होता त्याच जातीचा जुनाट. असल्या डबड्याचं सोंग घेऊन बॉट फिरतात म्हणे.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज विरुपाक्षशी वाजलं.

होकाराचं असं केलंय. कोणी दिवस मागितला की सर्व्हिस आपणहून घरच्या ग्रुपवर मेसेज टाकते: अमुक अमुक, इतके जण, होकार द्यायचा असेल तर या लिंकवर टिचकी मारा. मारली की पाहुण्यांना जातं, "या, तुमची जागा पक्की आहे." मी शहरात असले तरी काकू शेतातून होकार देऊ शकते. पानावर चौकशीसाठी फोन नंबरही तिचाच दिलाय. गर्दी जास्त झाली तर टिचकी मारायचीच नाही, संपलं.

तो म्हणाला, "लिंक उघडणं म्हणजे गेट. गेटनं काही बदलायचं नसतं. पान उघडू दे, त्यावर बटण दे, बटण पोस्ट करू दे."

मी म्हटलं, "माझी काकू चुलीपुढं बसलेली असते. एका हातात परात, दुसऱ्या हातात फोन. तिला पान, मग बटण, असले दोन-दोन उंबरे नकोत."

"नियम आहे की तो."

"नियम तुझ्या बँकेत ठेव."

तो आपल्या पडद्याकडं वळला. नंतर मला वाईट वाटलं, पण माझंच बरोबर आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

पाच चाळीसवाला आज उशिरा आला, सहा वाजून पंचवीसला. बॉटलाही थंडी वाजते की काय!

काकूचा बोललेला मेसेज आला. गार वारं सुटलंय, हुरडा चिकात भरलाय, रविवारी नक्की खाण्याजोगा होईल. शेवटी म्हणाली, "लाईट उशिरा आली, भावजी पानी द्यायला आज उशिरानं गेलं. मोटर चालू झाली की बांधावर बसत्यात आन् फोनमंदी काय बगत्यात देव जानं. तू दिलेला न्हवं का त्यो, काच फुटलेला." बहुतेक बाजारभाव बघत असतील.

२१ डिसेंबर, रविवार

जमलं! चौतीस माणसं आली. मोहोळहून, सोलापुरातून, एक कुटुंब थेट अक्कलकोटहून. आबांनी जमिनीत आगटी केली, गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं. काकू पोत्यावर चोळायला बसली. तिच्या तळहातांना विस्तव लागत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय आणि अजूनही पटत नाही. हिरवे टपोरे दाणे, शेंगांची चटणी, गूळ, दही. एक बाई खाता खाता रडल्या. म्हणाल्या, माहेर सुटल्यापासून असा हुरडा खाल्ला नव्हता. काकूनं त्यांच्या पदरात आणखी ओंजळभर घातला.

सगळ्यात भारी म्हणजे काकू लिंक वापरायला शिकली! सहाच्या सहा मागण्यांना होकार गेला होता, आणि मी तर एकही दाबली नव्हती. मी तिला मिठी मारली, "काकू, एवढ्या सगळ्यांना तूच होकार दिलास ना?"

"व्हय की. ज्याचा फोन आला त्याला या म्हनलं. न्हाय कशाला म्हनू?"

विरुपाक्षही आला होता. सर्व्हर गर्दीत टिकतो का ते शेतातूनच बघायला हवं म्हणाला. सर्व्हर टिकला. तो तीन वाट्या हुरडा खाऊन पुढच्या रविवारीही बघायला हवं म्हणाला. त्याला हुरडा फार आवडतो.

आबा पाहुण्यांशी एवढं बोलताना मी कधी पाहिले नव्हते. एक गोष्ट नवलाची. गाड्या यायच्या आधीच त्यांनी चार लहान मुलांसाठी बाजूला बोरं आणि ऊस काढून ठेवला होता. मुलं चार येणार हे त्यांना कसं कळलं? अंदाज असेल.

२४ डिसेंबर, बुधवार

बॉटचा आज बंदोबस्त केला. रोज पाच चाळीस, रोज तेच पान, कधी काही मागत नाही, फक्त बघतो. मला राग असा आला की हा कोण आमचे पाहुणे मोजणारा? कोणी दुसरा हुरडावाला तर नसेल? तसल्या फोनवरून कोणी ते पान मागितलं की आता उत्तर जाणार ४०३, म्हणजे मनाई. खाली माझ्या शब्दांत एक ओळही लिहिली: "तुमचं इथे काही काम नाही."

लिहून फार बरं वाटलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आबांचा फोन! आबा आपणहून फोन करत नाहीत. म्हणाले, "काय न्हाय, सहज." मग, "तुजं ते बरं चाललंय न्हवं?"

मी कामात होते. म्हटलं, "चाललंय की. तुम्ही कशाला काळजी करता? तुम्ही बघणार नाही म्हणाला होतात."

"व्हय, म्हनलो हुतो," म्हणाले आणि ठेवला. जेवले का तेवढंही विचारायचं राहिलं.

२८ डिसेंबर, रविवार

एकोणचाळीस माणसं. झकास. आमच्या आगटीला आणि काकूच्या हातांना चाळीसच झेपतात, बरोब्बर बसलं. कोणीतरी काकूच्या चोळणाऱ्या हातांचा व्हिडिओ काढला आणि तो सगळीकडं फिरतोय. आबांनी मुलांसाठी बोरं आज काढून ठेवली नव्हती. काकू म्हणाली, "भावजींचा फोन बिगाडलाय जनू. मोहोळला दुकानात दावून आनला, दुकानदार म्हनला फोनला कायबी झालं न्हाय."

मी त्यांना नवा घेऊन देईन. नोकरी टिकली तर. किंवा गेली तर.

२ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस पुण्यात. कंपनीनं समजूत घालायला बोलावलं होतं. साहेब गोड बोलले, खिडकीजवळची जागा देतो म्हणाले. खिडकीतून समोरची भिंत दिसते. मी विचार करून कळवते म्हटलं. मीटिंगांमुळे सर्व्हिसकडं बघायला फुरसत झाली नाही, पण काकू आहे म्हणून निर्धास्त.

३ जानेवारी, शनिवार

एका दमात लिहून काढते.

सकाळी पुण्याहून उतरले ती थेट ऑफिसात. घरचं पान उघडलं. उद्याचे पाहुणे: एकशे त्रेसष्ट. मला वाटलं चुकून कुठंतरी दोनदा मोजलंय. नाही. चौदा मागण्या, चौदाही पक्क्या.

काकूला फोन केला. "काकू, एवढ्या लोकांना होकार का दिलास गं?"

"मी? कशालाबी हात लावला न्हाय बग मी. तू टाकतीस ते निळं निळं मला उगडायबी येत न्हाय."

"मग लोकांना या कोण म्हणालं?"

"फोन आला त्याला म्हनलं की या. हुरड्याला येऊ का इचारनाऱ्याला न्हाय म्हनत्यात व्हय?"

विरुपाक्ष माझा चेहरा बघून खुर्ची ओढून बसला. नोंदी वाचल्या. प्रत्येक मेसेज ग्रुपवर पडल्यावर एका सेकंदात लिंक उघडलेली. माणूस एवढ्या झटक्यात उघडत नाही. मेसेजखाली लिंकचं छोटं चित्र दिसतं ना, ते काढायला ॲप स्वतःच लिंक उघडून बघतं. ते बिचारं फक्त बघायला आलं होतं. आणि माझ्या सर्व्हिसनं बघायला आलेल्याला होकार समजून सगळ्यांना आवतण दिलं. पहिल्या दिवसापासून हेच चालू होतं. आधीचे रविवार कसेबसे चाळिसाच्या आत बसले म्हणून कळलं नाही, आणि ज्यांना शंका आली त्यांनी फोन केला तर तिकडं काकू "या की" म्हणायला बसलेली.

"मी सांगितलं होतं" असं विरुपाक्ष म्हणाला नाही. त्यामुळं जास्तच रडू आलं. संपलं सगळं. एकशे वीस माणसं उपाशी परत जाणार, आबा म्हणणार जा पुण्याला, आणि मला तोंड वर करून बोलायला जागा नाही.

त्यानं गाडी काढली. दुपारी शेतावर पोचलो. आबा बांधावर होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सगळ्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगते."

"बलावलेल्या मानसाला येऊ नका म्हनायचं? आपल्यात न्हाय तसलं." मग डोकं खाजवत म्हणाले, "शेजारच्या केराबाईचा हुरडा तयार हाय. पल्याडच्या शेतातल्या माउलीचाबी हाय. आगट्या चार करू. नक्की किती येनार त्ये आदी कळलं असतं तर मी चार दिस मागंच त्यास्नी सांगून ठिवलं असतं. पन तुजं ते मला बगूच देईना की."

"काय बघू देईना?"

त्यांनी खिशातून फोन काढला. माझा जुना, कोपऱ्यात काच फुटलेला. पान उघडून माझ्यासमोर धरलं. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: तुमचं इथे काही काम नाही.

"धा दिस झालं असंच म्हनतंय," आबा म्हणाले. "तूच लिवलंस व्हय?"

मी तिथंच बांधावर बसले. पाच चाळीस म्हणजे मोटर सुरू करून आबा बांधावर टेकतात ती वेळ. लाईट उशिरा आली त्या दिवशी सहा पंचवीस. चार मुलांची बोरं. सगळं नोंदीत होतं, आणि मी रोज वाचत होते.

"आबा, मला वाटलं ते कुठलं तरी यंत्र आहे."

"मीच की त्ये यंत्र," म्हणाले, आणि हसायला लागले. खांदे गदगदा हलेपर्यंत हसले. मी रडत रडत हसले. विरुपाक्ष गाडीचा आरसा पुसत उभा राहिला.

"तुम्ही बघणार नाही म्हणाला होतात."

"मग? हात लावला का मी कुटं? नुसतं बगत हुतो."

४ जानेवारी, रविवार

कुठून सुरू करू!

सकाळी आबा आणि मी केराबाईंच्या दारात. केराबाई सत्तरीच्या, एकट्याच शेत बघतात. म्हणाल्या, "पन्नास मानसं? धाड की. माज्याकडं वरीसभर कुत्रं फिरकत न्हाय." माउलीनं तर आम्ही बोलायच्या आतच आगटी खणायला घेतली. आबांनी चौथी ओढ्याकाठच्या आमच्या दुसऱ्या तुकड्यात केली. विरुपाक्ष अक्कलकोटला जाऊन आईला घेऊन आला. काशम्मा नाव त्यांचं. बरोबर दोन पोती कडक भाकरी आणि डबाभर शेंगाचटणी. मला मराठीत "तूच का गं पायल?" म्हणून नखशिखांत न्याहाळलं आणि नंतर दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला कन्नडमध्ये "बा, बा" म्हणत राहिल्या. एका शेतात काकूचं "या की", दुसऱ्यात काशम्मांचं "बा, बा". कोणालाच अडचण आली नाही.

दहा वाजता गाड्या यायला लागल्या आणि थांबेचनात. मी बांधावर उभी राहून लोकांना चार शेतांत वाटत होते. लोकांना वाटलं हा आमचा बेतच आहे. एक गृहस्थ म्हणाले, "वा, चार शेतांत फिरून चार चवीचा हुरडा, काय कल्पना आहे!" मी म्हटलं, "हो ना." केराबाईंकडं गर्दी एवढी झाली की त्या कंबरेवर हात ठेवून शहरातल्या पोरींना कणीस चोळायला शिकवत होत्या, आणि पोरी हात भाजले म्हणून किंचाळत होत्या. आबा चारही आगट्यांवर फिरत होते. फोन आता खिशात नव्हता, हातात होता. मी सकाळीच मनाई काढून टाकली होती. माणसं आली की ते यादीत बघायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "मुलं सहा हायती न्हवं? बोरं तिकडं ठिवल्यात."

उपाशी कोणी गेलं नाही. दुपारी कणसं संपत आली तेव्हा माउलीनं ऊस तोडून आणला, काशम्मांनी भाकरी वाढली. जाताना सगळे पुढचा रविवार विचारत होते. मी इतक्या आनंदात आहे की झोप येणार नाही असं वाटतंय, पण पाय म्हणतात येईल.

७ जानेवारी, बुधवार

दुरुस्ती झाली. आता लिंक उघडली की फक्त पान दिसतं. त्यावर मोठं हिरवं बटण, तेच पोस्ट करतं. नुसतं बघून कोणी होकार द्यायचा प्रयत्न केला तर सर्व्हिस ४०५, म्हणजे हे क्रियापद इथं चालत नाही, असं म्हणते आणि सोबत हेडर पाठवते, इथं कोणती क्रियापदं चालतात ते. विरुपाक्षनं वाचलं आणि टेबलावर दोन बोटं वाजवली. मी त्याला सॉरी म्हटलं, बँकेच्या नियमांबद्दल. तो म्हणाला, आई विचारतेय परत कधी येणार शेतावर. मी म्हटलं, कधीही. त्याचा चहा आज आपोआपच सांडला.

चाळिसाच्या वर मागणी आली तर काय, हे काकूबरोबर ठरवायला बसले. ती म्हणाली, "न्हाय म्हनायचं न्हाय, येवडं बग." म्हणून सर्व्हिस आता नाही म्हणत नाही. जागा भरली की उत्तराच्या हेडरमध्ये पुन्हा कधी यायचं ते पाठवते, आणि पानावर दिसतं, "गुरुवारी या, वाट बघतो." काकू म्हणाली, "आसं चालतंय."

केराबाई आणि माउली दोघांनी सांगितलंय, आमचंबी पान काढ.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

शेतावरच आहे. पहाटे उठून सवयीनं नोंदी उघडल्या. पाच चाळीस, तोच जुना फोन. पण आज गेट नाही. पोस्ट. महिनाभर जो नुसता बघत होता त्यानं आज पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

पाहुण्यांचा साधा अर्ज भरलेला, एका बोटानं टाईप केलेला.

नाव: पायल. किती जण: एक. कोणता दिवस: सोळा जानेवारी. आणखी काही सांगायचं आहे का: पोरगी हितंच ऱ्हानार हाय. जागा धरून ठेवावी.

मी ते चारदा वाचलं. मग पुण्याच्या साहेबांना मेल लिहिला की सोळा तारखेला येता येणार नाही, त्या दिवशी माझी जागा दुसरीकडं ठरली आहे. पाठवला. मग घरच्या ग्रुपवर जाऊन लिंक उघडली, पान आलं, आणि त्या हिरव्या बटणावर माझ्या बोटानं टिचकी मारली.

अंगणातून काकू तिळगूळ घ्यायला हाका मारत होती. तेवढ्यात गोठ्यात आबांचा फोन वाजला: "या, तुमची जागा पक्की आहे."